तीन महिन्यांच्या बाळाकडे कोण बघणार?

माझ्या भावाच्या एका जुन्या फोनमध्ये ४२ सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. २०१४ सालच्या चवथीचा. फोंडा तालुक्यातलं आमचं घर, गणपतीसमोर अंथरलेली चटई, वर माटोळीला टांगलेले नारळ, आंबाडे आणि सुपारीचे घोस, आणि चटईवर उताणं पडलेलं माझ्या भावाचं बाळ. बाळ पाय झाडतंय. मागून काकांचा आवाज येतो, "बघ बघ, कसल्या लाथा मारतोय! हा फुटबॉल खेळणार." वहिनी हसते. व्हिडिओ संपतो.

तो ३१ आठवड्यांचा असताना जन्मला होता. पहिले २४ दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत काढून घरी आला. त्या चवथीला तो पाच महिन्यांचा होता, पण नऊ आठवडे आधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना ते नऊ आठवडे वजा करायचे असतात. म्हणजे हिशेबाने तीन महिन्यांचा. पुढच्या चवथीपर्यंत तो आधाराशिवाय बसत नव्हता. ज्या दवाखान्यात आम्ही त्याला दर महिन्याला नेत होतो, तिथे दर वेळी एकच वाक्य मिळायचं: मुलगे उशिराच करतात सगळं, थांबून बघूया. घरातही तेच. बाप कधी चालला होता, आजोबा कधी चालले होते, याचे दाखले निघाले. विसाव्या महिन्यात एका वेगळ्या डॉक्टरांनी त्याचे पाय हातात घेतले, घोटे वाकवून पाहिले आणि सेरेब्रल पाल्सी हा शब्द आमच्या घरात आला: वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं.

मी तेव्हा फिजिओथेरपिस्ट होते, पण मोठ्या माणसांची. गुडघे, कंबर, खांदे. तान्ह्या बाळाकडे कसं बघायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. भाच्यामुळे मी ते शिकायला गेले, आणि शिकून आल्यावर एका रात्री तो जुना व्हिडिओ पुन्हा लावला. काका ज्याला लाथा म्हणत होते त्या लाथा नव्हत्या. तिथे दिसायला हवं ते दिसत नव्हतं, आणि दिसू नये ते दिसत होतं. आम्ही सगळे त्या बाळाभोवती बसून कौतुकाने बघत होतो आणि कुणालाच काही दिसलं नव्हतं. पुढचे चौदा-पंधरा महिने आम्ही थांबून बघितलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती मी जिथे संधी मिळेल तिथे मांडते. गोव्यातल्या एनआयसीयूतून घरी गेलेल्या प्रत्येक बाळाचा, त्याच्या हिशेबाच्या वयाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, तीन ते पाच मिनिटांचा व्हिडिओ घेतला जावा, आणि तो बघणारा शिकलेला माणूस सरकारने नेमावा. हालचाल मोजणारी संगणक-यंत्रणा त्या माणसाच्या हाताखाली द्यावी, त्याच्या जागी बसवू नये.

बघायचं काय, ते सांगते. तान्हं बाळ कुणी न हलवता, कुणी न बोलावता स्वतःहून हलत असतं. हाइन्झ प्रेख्टल या व्हिएन्नात जन्मलेल्या आणि नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला काम केलेल्या संशोधकाने आयुष्यभर या आपोआप होणाऱ्या हालचालींचा अभ्यास केला. त्याआधी बाळाच्या मेंदूची तपासणी म्हणजे गुडघ्यावर हातोडी मारा, तळव्यावर ओढा, दचकतं का पाहा, अशी होती. प्रेख्टलने बाळाला हात न लावता नुसतं बघायचं ठरवलं. त्याला दिसलं की निरोगी बाळाच्या हालचालीत ओघ असतो, वैविध्य असतं, आणि साधारण ९ ते २० आठवड्यांच्या काळात एक खास प्रकारची हालचाल दिसते. तिला फिजेटी म्हणतात. मान किंचित वळते, मनगट फिरतं, पावलाची बोटं फाकतात, खांदा सरकतो, कंबर वळते. एक थांबेपर्यंत दुसरं सुरू झालेलं असतं. पल्ला लहान, वेग मध्यम, दिशा सगळ्या. उकळी फुटण्याआधी पातेल्याच्या तळाशी पाणी हलू लागतं, तसं ते बाळभर चाललेलं असतं. एकदा ओळखायला आलं की नजर आपोआप तिथे जाते. ती हालचाल त्या वयात अजिबात नसेल, तर मेंदूला इजा झालेली असण्याची शक्यता खूप मोठी असते. आणि हातपाय व धड एकाच झटक्यात ताठ होऊन जवळजवळ एकाच वेळी सैल पडत असतील, तर ती आणखी गंभीर खूण.

प्रेख्टल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १३० बाळांचा अभ्यास छापला. पुढे ज्यांना मज्जासंस्थेचा त्रास निघाला त्यांच्यातली ९५ टक्के या पद्धतीने आधीच ओळखता आली होती, आणि जी पुढे ठीक राहिली त्यांच्यातल्या ९६ टक्क्यांना ठीकच म्हटलं गेलं होतं. २०१७ साली 'जामा पीडियाट्रिक्स'मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून सांगितलं की सेरेब्रल पाल्सीचं निदान एरवी १२ ते २४ महिन्यांच्या दरम्यान होतं, पण धोक्यातल्या बाळांमध्ये मेंदूचा एमआरआय, या हालचालींची तपासणी आणि एक ठरावीक मज्जासंस्थेची तपासणी एकत्र केली तर ते पाच महिन्यांच्या आत करता येतं. १९९७ आणि आमची २०१४ ची चवथ, यांत सतरा वर्षं आहेत. ज्ञान होतं. ते आमच्या चटईपर्यंत आलं नव्हतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. तो चवथीचा व्हिडिओ शास्त्राला धरून घेतलेला नव्हता. या तपासणीसाठी बाळ जागं हवं, शांत हवं, उताणं हवं, अंगावर कमीत कमी कपडे हवेत. हातात खुळखुळा नको, तोंडात चोखणी नको, समोर कुणी बोबडं बोलत नको, कारण बाळाचं लक्ष कुठे लागलं किंवा ते रडू लागलं की त्या बारीक हालचाली हरवतात. आमच्याकडे तर झांजांचा आवाज चालू होता. ४२ सेकंदांवरून कुणीही निदान करू नये. पण शिकलेल्या डोळ्याने ते ४२ सेकंद पाहिले असते तर "उद्या सकाळी नीट घेऊया" एवढं नक्की म्हटलं असतं. तेवढंच पुरे होतं.

आता कॅमेऱ्याचा भाग. शिकलेले डोळे कमी आहेत, आणि जे आहेत ते थकतात. वीस-पंचवीस बाळं एका बैठकीत बघितली की मला स्वतःला सगळ्यांच्याच हालचाली फिक्या वाटू लागतात; मग मध्ये एखाद्या धडधाकट बाळाचा व्हिडिओ लावून नजर पुन्हा जागेवर आणावी लागते. म्हणून जगभर संशोधक विचारत आले की संगणक हे बघू शकेल का. पूर्वी यासाठी बाळाच्या अंगावर चकचकीत गोळ्या चिकटवून अनेक कॅमेऱ्यांनी टिपत. तान्ह्याची कातडी नाजूक, आणि चिकटवलेली गोळी तोंडात घालण्यात बाळाचा हात कुणी धरू शकत नाही. मग नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या लोकांनी साध्या व्हिडिओवरून मोजायला सुरुवात केली: एका चित्रात आणि पुढच्या चित्रात किती ठिपके बदलले, आणि त्या बदलाचा मध्यबिंदू कुठे सरकला. युक्ती सोपी आणि चांगली, पण असं यंत्र ठिपका कशामुळे बदलला ते विचारत नाही. आपल्याकडच्या खोलीत वर पंखा फिरत असतो, पंख्याच्या वर ट्यूब असते, आणि पात्यांची सावली बाळाच्या पोटावरून फिरत राहते. ती सावलीही यंत्राच्या हिशेबात हालचालच. गोव्याच्या मे महिन्यात पंखा बंद करा म्हटलं तर बाळ तीन मिनिटांत रडायला लागतं. ट्यूब बंद करून खिडकीच्या उजेडात घ्यायचं, हा त्यावरचा उपाय मला एका नर्सने दाखवला.

अलीकडच्या यंत्रणा वेगळ्या आहेत. त्या प्रत्येक चित्रात नाक, खांदे, कोपर, मनगटं, खुबे, गुडघे, घोटे शोधतात आणि सेकंदाला तीस वेळा ते बिंदू कुठे गेले याचा माग ठेवतात. यातल्या गाजलेल्या यंत्रणा मुख्यतः मोठ्या माणसांच्या फोटोंवर शिकल्या. मोठ्या माणसाचं डोकं उंचीच्या साडेसातव्या-आठव्या हिश्शाएवढं. तान्ह्याचं चौथ्या हिश्शाएवढं. मोठा माणूस उभा असतो, बाळ पाय पोटाशी घेऊन पडलेलं. त्यामुळे यंत्र डावा पाय उजवा समजतं, छातीवर आलेला हात हरवतं, कॅमेऱ्याकडे उचललेलं पाऊल आखूड झालेलं समजतं. म्हणून त्यांना बाळांच्या व्हिडिओंवर नव्याने शिकवावं लागतं, आणि ते काम चालू आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बेल्जियम, भारत, नॉर्वे आणि अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांची ५५७ बाळं होती. यंत्राला न दाखवलेल्या बाळांवर त्याची परीक्षा घेतली तेव्हा पुढे सेरेब्रल पाल्सी निघालेल्यांपैकी ७१ टक्के त्याने ओळखली, आणि न निघालेल्यांपैकी ९४ टक्क्यांना बरोबर सोडलं.

हे आकडे ऐकून लोकांच्या मनात लगेच एक विचार येतो, आणि तो मला धोक्याचा वाटतो: मग प्रत्येक आईच्या फोनवर असं ऍप का नको? हिशेब करून पाहू. आपल्याकडे सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण हजार जन्मांमागे साधारण तीन धरतात. हजार बाळांवर हे यंत्र चालवलं तर त्या तिघांतली दोन सापडतील. पण उरलेल्या ९९७ पैकी सहा टक्के, म्हणजे जवळजवळ ६० धडधाकट बाळांच्या आयांना यंत्र सांगेल की तुमच्या बाळात काहीतरी आहे. दोन खऱ्या इशाऱ्यांसाठी साठ घरांत रडारड. तेच यंत्र एनआयसीयूतून आलेल्या १०० बाळांवर चालवा, ज्यांतल्या समजा दहांना धोका खरा आहे. सात सापडतील, तीन निसटतील, पाचांना उगाच काळजी. इथे त्याचा उपयोग आहे, आणि निसटलेल्या तिघांसाठी माणसाचा डोळा हवाच आहे. यंत्र तेच, आकडा तोच. कुणावर चालवलं यावर सगळं ठरतं. जे कुणी हे सगळ्या घरांत विकायला येतील त्यांना पहिला प्रश्न हा विचारा.

आजार शोधण्यापलीकडेही हा कॅमेरा मोलाचा आहे, आणि ते मी फक्त व्यवसायाच्या ओढीने म्हणत नाही. मूल हलायला कसं शिकतं याविषयी आपण किती गोष्टी न पाहताच मानत आलो! नवजात बाळाला उभं धरलं की ते पाऊल टाकल्यासारखं करतं, आणि दोनेक महिन्यांत ते बंद होतं. पुस्तकांत लिहिलं होतं की मेंदू मोठा होतो आणि ही प्रतिक्रिया दाबून टाकतो. एस्थर थेलेन या अमेरिकन संशोधिकेने १९८० च्या दशकात बाळांना कमरेपर्यंत पाण्यात धरलं, आणि थांबलेली पावलं पुन्हा पडू लागली. पायांवर चरबी चढून ते जड झाले होते, एवढंच. न्यूयॉर्कच्या कॅरन अॅडॉल्फ यांच्या गटाने नुकत्या चालू लागलेल्या मुलांचे व्हिडिओ माणसं बसवून मोजले: तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. हा आकडा मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला सांगते, कारण मूल पडेल म्हणून त्याला कडेवरून खाली न ठेवणाऱ्या घरांत मी रोज जाते. आपल्याकडची बाळं नारळाच्या तेलाने रगडली जातात, साडीच्या झोळीत झोपतात, आजीच्या पायांवर आंघोळ करतात. त्याने हालचाल कशी घडते, हे मोजायला हवं. ते दुसऱ्या कुठल्या देशाच्या मोजपट्टीवर ठरू नये.

पण झोळीतल्या बाळासमोर कॅमेरा धरणं सोपं नाही. सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर मी पहिल्यांदा व्हिडिओ घ्यायला गेले तेव्हा आजीने बाळाला पदराखाली घेतलं. "नागड्या भुरग्याचो व्हिडियो काडचो न्हय," त्या म्हणाल्या, "दिष्ट लागता." मी त्यांना सांगितलं, आजी, आधी तीट लावा. त्यांनी काजळाचं बोट बाळाच्या गालावर टेकवलं, मग तळव्यावर. तळव्यावरच्या ठिपक्याने तपासणीचं काही बिघडत नाही. मग मी त्यांना फोनवर दुसऱ्या एका बाळाची नुसती काठ्या-बिंदूंची आकृती दाखवली, ज्यात चेहरा नाही, अंग नाही, फक्त सांधे हलताना दिसतात. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि विचारलं, "आणि खरो व्हिडियो खंय वता?" खरा व्हिडिओ कुठे जातो. त्या आजी शाळेत गेलेल्या नाहीत. पण संमतीपत्रकांची पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी जो प्रश्न सर्वांत वर ठेवायला हवा, तो त्यांनी दुसऱ्या मिनिटाला विचारला.

मी त्यांना खरं उत्तर दिलं: आज तो माझ्या फोनमध्ये आहे, आणि तसं असू नये. उघड्या बाळांचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवरून एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे जातात, हेतू चांगला असतो, आणि मग ते कुणाच्या गॅलरीत पडून राहतात कुणालाच ठाऊक नसतं. मी तेव्हापासून ते बंद केलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलंय. मुलाची माहिती हाताळायची तर पालकांची खात्रीलायक संमती हवी, आणि मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं याला मनाई आहे. आरोग्यसेवेला यातून सवलत आहे, पण ती बालकाच्या आरोग्यापुरती. एखाद्या कंपनीचं यंत्र शिकवायला गोव्याच्या बाळांचे व्हिडिओ फुकट मिळावेत, यासाठी ती सवलत नाही. माझं मत असं, की मूळ व्हिडिओ सरकारी रुग्णालयाच्या बंद साठ्यातून बाहेर जाऊच नये. तपासणाऱ्याने तिथेच बसून बघावा. संशोधनाला द्यायची वेळ आली तर सांध्यांचे बिंदू द्यावेत. मूल दोन वर्षांचं होऊन चित्र स्पष्ट झालं की पालकांना पुन्हा विचारावं, ठेवायचा की पुसायचा. बाळंतपणानंतर आठव्या दिवशी, टाके दुखत असताना घेतलेली सही ही आयुष्यभराची संमती होत नाही.

दुसरा आक्षेप माझ्या मनाला जास्त लागतो. लोक विचारतात, तीन महिन्यांच्या बाळाच्या आईला असं सांगायचं? आधीच ती खचलेली असते. आणि आपल्या घरांत दोष कुणावर जातो ते सांगायला नको: गरोदरपणी काय खाल्लं, ग्रहणात बाहेर कशी गेली, माहेरच्यांत कुणाला आहे का. हे मी माझ्या वहिनीच्या बाबतीत पाहिलंय, आमच्याच घरात. ते आठवलं की आजही मला लाज वाटते. पण वहिनीलाच विचारलं तर ती काय म्हणते? ती म्हणते, मला कळत होतं. दूध ओढताना तो ताठ व्हायचा, लंगोट बदलताना पाय उघडत नसत. मला कळत होतं आणि सगळे मला म्हणत होते की तू उगाच काळजी करतेस. वीस महिने तिने हे एकटीने वागवलं. तीन महिन्यांना कुणी तिच्यासमोर बसून म्हणालं असतं की हो, तुला दिसतंय ते आम्हालाही दिसतंय, आपण आजपासून कामाला लागू, तर ती खचली नसती. मी "उच्च धोका" हेच शब्द वापरते, निदान म्हणत नाही, आणि नवऱ्याला व सासूला सोबत बसवल्याशिवाय बोलतच नाही. सासूसमोर हेही स्पष्ट सांगते की यात आईची काही चूक नाही.

कामाला लागायचं म्हणजे काय, इथे मात्र सरकारला उत्तर द्यावं लागेल. पहिल्या वर्षात मेंदू जितका शिकायला तयार असतो तितका पुढे नसतो. त्या वर्षात बाळाला स्वतः हात पुढे करायला, स्वतः वळायला, स्वतः पोचायला लावायचं असतं, रोज, घरी, खेळता खेळता. नुसतं मालिश आणि हातपाय वाकवणं म्हणजे उपचार नव्हे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण तीनांतल्या एका मुलाचा खुबा हळूहळू खोबणीतून सरकतो, आणि ते दुखायला लागेपर्यंत बाहेरून कळत नाही; आधी माहीत असेल तर ठरावीक काळाने एक्स-रे काढून वेळीच थांबवता येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात जिल्हा पातळीवर लवकर उपचाराच्या केंद्रांची योजनाही आहे. योजना कागदावर नीट आहे. पण वाळपईच्या आईला बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जायचं तर एक पूर्ण दिवस मोडतो, कदंब महामंडळाच्या दोन बस बदलाव्या लागतात, आणि घरी दुसरं मूल असतं. ती दोनदा येते. तिसऱ्यांदा येत नाही. तिला दोष देता येत नाही. म्हणून यंत्र घेण्याच्या आधी, तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस बसणारा बालकांचा फिजिओथेरपिस्ट द्या. धोका सांगायचा आणि पुढे दार बंद ठेवायचं, याइतकं निर्दय काही नाही. ज्या तालुक्यात उपचार देता येणार नाही तिथे तपासणीही सुरू करू नये, या मताला मी आले आहे.

हे गोव्याला जमणारं आहे. बारा तालुके, ३७०२ चौरस किलोमीटर, आणि जवळजवळ सगळी बाळंतपणं दवाखान्यात. १८४२ पासून वैद्यकीय शिक्षण देणारी परंपरा बांबोळीच्या महाविद्यालयामागे आहे. २००८ साली टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन नवजात बाळांची तपासणी राज्यभर करायला निघालेल्या देशातल्या पहिल्या काही राज्यांत आपण होतो. व्हिडिओला तर सुईही लागत नाही. एकरंगी चादर, खिडकी, फोन धरायला एक दांडी.

एक अडचण मात्र आत्ताच सांगून ठेवते, कारण कुणीतरी ती विसरेल. सगळ्यांना वाटतं की १४ आठवड्यांच्या लसीला बाळ येतंच, तेव्हाच व्हिडिओ घ्या. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी हे अगदी योग्य आहे, लस टोचण्याआधी घेतला तर. टोचल्यावर ते रडतं आणि सगळं वाया जातं. पण लस जन्मतारखेवर चालते. नऊ आठवडे आधी जन्मलेलं बाळ १४ आठवड्यांच्या लसीला येतं तेव्हा हिशेबाने पाचच आठवड्यांचं असतं, आणि फिजेटी हालचाल त्या वयात दिसतच नाही. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, नेमकी तीच बाळं चुकीच्या दिवशी तपासली जातील. म्हणून एनआयसीयूतून सोडतानाच कार्डावर व्हिडिओची तारीख वेगळी लिहून द्यायला हवी, लाल पेनाने, आणि अंगणवाडी सेविकेच्या वहीतही.

गेल्या महिन्यात नर्सेसच्या एका छोट्या शिबिरात मला तो चवथीचा व्हिडिओ दाखवायचा होता. मी भावाला विचारणार होते, मग थांबले. भाचा आता अकरा वर्षांचा आहे. पायांत स्प्लिंट घालून, वॉकर धरून शाळेत जातो, आणि नाटकात काम करतो. व्हिडिओ त्याचा आहे, तर विचारायचं त्यालाच.

"मला आधी बघू दे आत्या," तो म्हणाला. मी फोन दिला. पहिल्यांदा तो माझ्या काकांचा, म्हणजे त्याच्या चुलत आजोबांचा, आवाज ओळखून हसला. आजोबा आता नाहीत. मग त्याने परत लावला, आणि परत. तिसऱ्या वेळी बोट ठेवून थांबवला.

"हे बघ," तो म्हणाला. "पाय दोन्ही एकदम वर जातात. हातपण. आणि एकदमच खाली येतात." त्याने माझ्याकडे पाहिलं. "हे तेव्हा कुणाला दिसलं नाही?"

"नाही रे."

"दाखव त्यांना," तो म्हणाला. "पण चेहरा झाक."